सेंट लुइस झोपले नव्हते

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मध्यभागातली दोन शहरे एकाच मानासाठी झगडत होती. एक मिसिसिपीच्या काठचे सेंट लुइस, दुसरे मिशिगन सरोवराच्या काठचे शिकागो. पश्चिमेकडे नव्याने वसणाऱ्या अफाट मुलखाची बाजारपेठ कोण होणार, हा वाद होता. १८४० साली सेंट लुइसची वस्ती साडेसोळा हजारांच्या घरात होती आणि शिकागोची साडेचार हजारही नव्हती. १८८० च्या जनगणनेत शिकागो पाच लाखांच्या पुढे गेले आणि सेंट लुइस साडेतीन लाखांवर राहिले. पुढच्या दहा वर्षांत शिकागोने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. त्यानंतर ही स्पर्धा उरलीच नाही.

हा उलटफेर कसा झाला, याचे एक उत्तर आता जवळपास सर्वमान्य आहे. सेंट लुइसचे व्यापारी नदीवर विसंबून गाफील राहिले. आगबोटी धक्क्याला लागत होत्या, गल्ला भरत होता, आणि पुढचे युग रेल्वेचे आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. जुनी फ्रेंच घराणी आणि दक्षिणेकडून आलेली सुखवस्तू माणसे. त्यांना घाई कसली? शिकागोत मात्र न्यू इंग्लंड आणि न्यू यॉर्ककडचे धडाडीचे लोक आले. त्यांनी दलदलीत शहर उभे केले, रेल्वेचे मर्म ओळखले आणि बाजी मारली. वायट विंटन बेल्चर यांनी १९४७ साली या दोन शहरांच्या आर्थिक स्पर्धेवर ग्रंथ लिहिला आणि या समजुतीला विद्वत्तेचे अधिष्ठान मिळाले. काळ ओळखला नाही की काय होते, याचा दाखला म्हणून सेंट लुइसचे नाव घेणे तेव्हापासून सोपे झाले.

हे उत्तर मला मुळातच चुकीचे वाटते. ते शहराला माणसासारखा एक स्वभाव चिकटवते आणि त्या स्वभावातून त्याचे प्राक्तन काढून दाखवते. तेवढ्यावर भागले असते तर मी एवढे लिहिलेही नसते. पण या गोष्टीने एका मोठ्या अन्यायावर पांघरूण घातले आहे, आणि ते काढायला हवे.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे. पूर्वपक्षाकडे पुरावा नाही असे नाही. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल १८५६ च्या एप्रिलमध्ये रॉक आयलंड इथे झाला. तो शिकागोहून येणाऱ्या मार्गावर होता. महिनाभरही झाला नव्हता तोच ६ मे रोजी 'एफी ऍफ्टन' नावाची आगबोट त्याच्या खांबावर आदळून पेटली. बोटीच्या मालकांनी पूल कंपनीवर दावा लावला, आणि सेंट लुइसच्या व्यापारी मंडळाने त्या दाव्याला पाठबळ दिले. पूल हा नदीच्या वाहतुकीला अडथळा आहे, तो हटवा, अशी त्यांची भूमिका होती. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत खटला चालला. रेल्वेच्या बाजूने जे वकील उभे राहिले त्यांत अब्राहम लिंकन होते. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि पूल राहिला. सेंट लुइसला स्वतःचा पूल मिळायला मात्र १८७४ उजाडले. एकाने पूल बांधला, दुसऱ्याने पुलावर फिर्याद केली. याहून बोलका पुरावा कोणता, असे कुणीही विचारील.

आता दुसरी बाजू. रेल्वे ओळखली नाही, हा मुख्य आरोप घेऊ. १८४९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅसिफिकपर्यंतच्या लोहमार्गासाठी राष्ट्रीय परिषद भरली, ती सेंट लुइसमध्ये. सिनेटर थॉमस हार्ट बेंटन यांनी तिथे भाषण केले. पश्चिमेला समुद्रापर्यंत रूळ नेले की आशियाचा आणि हिंदुस्थानचा व्यापार आपल्या दारातून जाईल, असे चित्र त्यांनी रंगवले. ४ जुलै १८५१ रोजी सेंट लुइसमध्ये पॅसिफिक रेल्वेच्या कामाचा मुहूर्त झाला. त्या दिवशी पूर्वेकडून येणारी एकही रेल्वे शिकागोपर्यंत पोचलेली नव्हती. त्या १८५२ साली पोचल्या. १८५२ च्या डिसेंबरात सेंट लुइसमधून मिसूरी राज्यातली पहिली गाडी सुटली, आणि चार महिन्यांनी आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. दोन्हींचे रूळ साडेपाच फूट रुंदीचे होते. मिसूरीला ही रुंदी पुढे महागात पडली, कारण शेजारच्या राज्यांतले रूळ त्याहून अरुंद होते आणि १८६९ साली सगळा मार्ग बदलून घ्यावा लागला. निर्णय चुकला हे खरे. पण चुकीच्या रुंदीचे रूळ टाकणाऱ्याला रूळ न टाकल्याचा दोष देता येत नाही.

पैशाचेही तसेच. मिसूरी राज्याने रेल्वेसाठी दोन कोटी डॉलरांहून अधिक किमतीचे कर्जरोखे दिले. सेंट लुइस शहराने आणि काउंटीने आपापल्या तिजोरीतून समभाग घेतले. शिकागोच्या नगरपालिकेने रेल्वेत असे पैसे घातले नाहीत, आणि तिला ते घालावे लागलेही नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच.

या सगळ्या वादात १ नोव्हेंबर १८५५ चा दिवस मला फार महत्त्वाचा वाटतो. पॅसिफिक रेल्वे राज्याच्या राजधानीपर्यंत, जेफरसन सिटीपर्यंत पोचली होती. त्या आनंदात सेंट लुइसहून एक खास गाडी निघाली. डब्यांत सहाशेच्या आसपास निमंत्रित होते: व्यापारी, वकील, धर्मोपदेशक, लोकप्रतिनिधी, कंपनीचे संचालक. दिवसभर पाऊस लागला होता. गॅस्कोनेड नदीवरचा पक्का पूल पुरा व्हायचा होता, म्हणून लाकडी घोड्यांवर तात्पुरते रूळ टाकले होते. इंजिन पहिल्या खांबापर्यंतही पोचले नाही. खालचे लाकूड ढासळले आणि इंजिनामागोमाग डबे एकावर एक काठावरून खाली कोसळले. तीसहून अधिक माणसे दगावली. त्यात रेल्वेचे मुख्य अभियंता थॉमस ओसुलिव्हन होते, आणि शहराची स्थापना करणाऱ्या शूटो घराण्यातले हेन्री शूटोही होते. जुनी फ्रेंच घराणी नदीकडे बघत बसली होती, असे म्हणणाऱ्याने या गाडीतल्या प्रवाशांची नावे एकदा वाचावीत. रेल्वेबद्दल उदासीन असलेल्या शहराची प्रतिष्ठित माणसे रेल्वेच्या उद्घाटनात मरत नाहीत.

शिकागोचे धोरणीपण तरी कितपत निर्भेळ होते? विल्यम ऑग्डेन हे शिकागोचे पहिले महापौर. त्यांनी गलीना मार्गाचे शेअर गावोगाव फिरून शेतकऱ्यांना विकले आणि १८४८ मध्ये गाडी सुरू केली. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच वेळी शिकागोच्या किरकोळ दुकानदारांनी या रेल्वेला विरोध केला होता. शेतकरी बैलगाड्या घेऊन शहरात येतो, माल विकतो, सामान घेऊन परत जातो. रेल्वे आली की तो येणार नाही, ही त्यांची भीती. नगर परिषदेनेही ऑग्डेन यांना सुरुवातीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. म्हणजे जुन्या धंद्याला चिकटून बसणारे लोक दोन्हीकडे होते आणि दूरवरचे पाहणारेही दोन्हीकडे होते. एका शहरातले दूरदर्शी आणि दुसऱ्यातले चिकट निवडून समोरासमोर ठेवले, की पाहिजे तो स्वभाव सिद्ध होतो.

मग फरक कशाने पडला? पुलापासून सुरुवात करतो, कारण पूर्वपक्षाचा तोच हुकमी पत्ता आहे. रॉक आयलंड इथे नदीच्या मधोमध बेट आहे आणि तळाशी चुनखडीचा कातळ वरच लागतो. तिथून बरेच खाली सेंट लुइसला येईपर्यंत मिसिसिपीला इलिनॉय आणि मिसूरी या दोन मोठ्या नद्या येऊन मिळालेल्या असतात आणि पात्राचे रूपच बदलते. तिथे कातळावर वाळूचा प्रचंड थर आहे आणि पुराच्या वेळी ती वाळू तळाशी वाहत असते. हे कुणाला पक्के ठाऊक असेल तर जेम्स ब्युकॅनन ईड्स यांना. बुडालेल्या आगबोटींतला माल वर काढण्याचा त्यांचा धंदा होता. त्यासाठी ते स्वतः पाणबुड्याच्या घंटेत बसून नदीच्या तळाला उतरलेले होते आणि पायाखालची वाळू सरकताना त्यांनी अनुभवली होती. म्हणून पुलाचे खांब वाळूत नव्हे, कातळावरच टेकवायचे, असा त्यांचा हट्ट होता. कातळ शंभर फुटांहून खोल होता. तिथवर जायला दाबाखालच्या हवेने भरलेल्या लोखंडी कोठड्या नदीत उतरवल्या. त्यांत कामगार खोदत खाली खाली जात. वर आल्यावर कुणाचे सांधे आखडत, कुणाला लकवा होई. या आजाराचा उलगडा तेव्हा कुणालाच झालेला नव्हता. डझनाहून अधिक कामगार त्यात गेले. ४ जुलै १८७४ रोजी पूल खुला झाला तेव्हा त्याची मधली कमान ५२० फुटांची होती आणि एवढ्या मोठ्या पुलात पोलाद वापरण्याचे धाडस तोवर कुणी केले नव्हते. रॉक आयलंडचा पूल अठरा वर्षे आधी झाला, कारण तो अठरा वर्षे आधी होण्यासारखा होता.

पूल रखडण्याचे दुसरे कारण नदीत नव्हते, नकाशावर होते. मिसिसिपीचा पश्चिम काठ मिसूरीत आणि पूर्व काठ इलिनॉयमध्ये. म्हणजे सेंट लुइसच्या समोरच्या काठावर काय व्हावे, याचा निर्णय दुसरे राज्य घेणार. सेंट लुइससमोर येऊन थांबणाऱ्या रेल्वेमार्गांना परवाना द्यायचा नाही, आपल्याच राज्यातल्या ऑल्टन गावाला मोठे करायचे, असे धोरण इलिनॉयच्या विधिमंडळाने कित्येक वर्षे चालवले. सिनसिनाटीकडून येणारी ओहायो अँड मिसिसिपी रेल्वे समोरच्या काठाला लागली ती १८५७ मध्ये, आणि तिथून माल तरीवर चढवून पलीकडे न्यायचा. तरीचा मक्ता एका कंपनीकडे. तिलाही पूल नको होता. शेवटी पुलाचा विचार पक्का झाला तेव्हा इलिनॉयने पुलाचा परवाना शिकागोच्या ल्यूशियस बूमर या पूल बांधणाऱ्याच्या कंपनीला दिला, आणि तो वाद मिटवण्यात आणखी वेळ गेला. शिकागोपुढे हा प्रश्न कधी आलाच नाही. त्याचा बंदराचा धक्का, कालवा, रेल्वे, विधिमंडळ, सगळे एकाच राज्यात.

आता पैसा. १८२५ मध्ये ईरी कालवा झाला आणि न्यू यॉर्क बंदर सरोवरांशी जोडले गेले. त्या दिवसापासून न्यू यॉर्कच्या आणि बॉस्टनच्या भांडवलदारांची नजर सरोवरांच्या कडेने पश्चिमेकडे वळली. मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण पसरलेले असल्याने पूर्वेकडून वायव्येला जाणाऱ्या प्रत्येक रेल्वेला त्याच्या दक्षिण टोकाला वळसा घालावाच लागतो, आणि त्या टोकाशी शिकागो आहे. उन्हाळ्यात जहाजे आणि रेल्वे यांची चढाओढ चाले, त्यामुळे भाडेही उतरे. बॉस्टनच्या जॉन मरे फोर्ब्स आणि त्यांच्या साथीदारांनी १८४६ मध्ये मिशिगन सेंट्रल विकत घेतली आणि पुढे शिकागोच्या पश्चिमेचे मार्ग उभे केले. शिकागोच्या बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध १८३० च्या दशकात केंद्र सरकारच्या लष्करी अभियंत्यांनी फोडला. १८४८ मध्ये खुला झालेला ९६ मैलांचा इलिनॉय-मिशिगन कालवा राज्याचे दिवाळे वाजल्याने अर्धवट पडला होता. बॉस्टन आणि लंडनच्या धनकोंनी १६ लाख डॉलरांचे नवे कर्ज दिले तेव्हा तो पुरा झाला. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला १८५० च्या कायद्याने पंचवीस लाख एकरांहून अधिक सरकारी जमीन मिळाली. 'स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलेले शहर' म्हणताना एवढे धनको आणि एवढे दान विसरून कसे चालेल?

तरीही १८५० च्या आसपास सेंट लुइसकडे पैसा येत होता, आणि तो याच पूर्वेकडून येत होता. जेफ्री ऍडलर यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात हे फार नेमकेपणाने दाखवले आहे. त्या काळी सेंट लुइसचा व्यापार जुन्या फ्रेंच घराण्यांच्या हाती उरलाच नव्हता. न्यू इंग्लंड आणि न्यू यॉर्कहून आलेली तरुण मंडळी, त्यांच्यामागे बॉस्टन-न्यू यॉर्कच्या पेढ्यांची पत, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे ज्या रक्ताच्या जोरावर शिकागो जिंकले म्हणतात, तेच रक्त सेंट लुइसमध्येही खेळत होते. मग १८५५ च्या सुमारास हा प्रवाह का आटला?

मिसूरीत गुलामगिरी होती, म्हणून. १८२१ मध्ये मिसूरी गुलामांची मालकी मान्य करणारे राज्य म्हणूनच संघात सामील झाले. १८५४ मध्ये शेजारचा कॅन्सस प्रदेश वसाहतीला खुला झाला आणि तिथे गुलामगिरी असावी की नसावी यावर रक्तपात सुरू झाला. मिसूरीच्या हद्दीतून हत्यारबंद टोळ्या कॅन्ससमध्ये घुसून बनावट मतदान करू लागल्या. १८५६ च्या उन्हाळ्यात तर गुलामगिरीविरोधी वसाहतवाल्यांना मिसूरी नदीवरच्या बोटींतून उतरवून परत पाठवले जाऊ लागले. मग ते लोंढे शिकागोवरून, आयोवामार्गे जाऊ लागले. ज्या वाटेने माणसे जातात त्याच वाटेने माल आणि पैसा जातो. उत्तरेकडच्या सावकाराने आणि स्थलांतरिताने सेंट लुइसकडे पाठ फिरवली, याचे कारण तिथले व्यापारी आळशी वाटले हे नव्हते. तिथे ठेवलेला पैसा, तिथे नेलेले कुटुंब सुरक्षित राहील याचा भरवसा उरला नव्हता.

आळसाची कथा मला नुसती चुकीची नाही, तर घातक का वाटते, ते इथे आहे. सेंट लुइसच्या न्यायालयात १८४६ मध्ये ड्रेड स्कॉट आणि त्यांची पत्नी हॅरिएट यांनी स्वातंत्र्यासाठी दावा दाखल केला. अकरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच असू शकत नाही. हा डाग त्या राज्यावर आणि त्या देशावर आहे. १८६० मध्ये खुद्द सेंट लुइस शहरात गुलामांची संख्या दीड हजारांच्या आसपास उरली होती. जर्मन स्थलांतरितांनी भरलेले हे शहर गुलामगिरीच्या विरोधात झुकत होते. पण राज्याची व्यवस्था त्याच्या गळ्यात होती. १८५० च्या दशकाचा हिशेब मांडताना 'व्यापारी सुस्तावले होते' असे लिहिले की खरा गुन्हा वहीतून गळून पडतो. माणसांना मालमत्ता मानणाऱ्या व्यवस्थेची किंमत एका शहराने मोजली. त्या व्यवस्थेचे नाव इतिहासात याच शब्दांत यायला हवे.

आणि मग यादवी युद्ध आले. १८६१ च्या वसंतात मिसिसिपी खालच्या अंगाला बंद झाली. ४ जुलै १८६३ ला दक्षिणेच्या ताब्यातले व्हिक्सबर्ग पडेपर्यंत न्यू ऑर्लिन्सचा रस्ता नव्हता. सेंट लुइसच्या व्यापाराचा मोठा भाग त्या रस्त्यावर होता. शिकागोला मात्र लष्कराची मागणी मिळाली, डुकराच्या मांसाच्या धंद्यात त्याने युद्धकाळातच सिनसिनाटीला मागे टाकले, आणि १८६५ च्या नाताळात युनियन स्टॉक यार्ड्स हा जनावरांचा अवाढव्य बाजार सुरू झाला. याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापूस बाजारात सोन्याचा पूर आला, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो ओसरला आणि प्रेमचंद रायचंदांसारखे मातब्बरही कोसळले. त्या चार वर्षांत मुंबईकर एकाएकी हुशार झाले आणि पाचव्या वर्षी मूर्ख झाले, असे कुणी इतिहासकार म्हणत नाही. सेंट लुइसलाही तोच न्याय लावावा, एवढीच माझी मागणी आहे.

शिकागोचे श्रेय मला नाकारायचे नाही. त्याने एक गोष्ट खरोखर नवी केली, ती गव्हाची. मिसिसिपीवर गहू पोत्यांतून जाई. शेतकऱ्याच्या पोत्यावर त्याची खूण. अडत्याने ती पोती आगबोटीवर चढवायची, सेंट लुइसच्या धक्क्यावर हमालांनी पाठीवरून उतरवायची, दुसऱ्या बोटीवर चढवायची, आणि न्यू ऑर्लिन्सच्या दमट हवेत ती खराब होण्याआधी जहाजावर लादायची. माल विकला जाईपर्यंत मालकी आणि जोखीम शेतकऱ्याचीच. शिकागोत गहू रेल्वेच्या डब्यातून सुटाच आला. वाफेच्या यंत्रावर फिरणाऱ्या बादल्यांच्या पट्ट्याने तो उंच कोठारात चढवला, त्याच प्रतीच्या दुसऱ्या कुणाच्या गव्हात मिसळला आणि शेतकऱ्याच्या हातात पावती ठेवली. प्रती ठरवण्याचे काम १८५० च्या दशकात बोर्ड ऑफ ट्रेड या शिकागोच्या व्यापारी मंडळाने हाती घेतले. आता आपला गहू कुठला हे कुणालाच माहीत असण्याची गरज उरली नाही. पावतीच गहू झाली, पावत्यांचा बाजार भरला आणि त्यातून वायदेबाजार उभा राहिला. इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी हे सगळे सविस्तर उलगडले आहे. मात्र यातही एक मेख आहे. हे यंत्र चालायला माल ठराविक पातळीवरच्या रुळांवरून, बारा महिने, डबेच्या डबे यावा लागतो. सेंट लुइसच्या धक्क्यावर नदी उन्हाळ्याअखेरीस उतरे, पावसात कित्येक फूट चढे आणि हिवाळ्यात बर्फाने अडे. तिथे पोते हेच शहाणपणाचे साधन होते.

मग स्वभावाची कथा रुजली कशी? ती आधी जाहिरातदारांनी लिहिली. पश्चिमेतल्या प्रत्येक गावाला त्या काळी आपलेच गाव जगातले पहिले शहर होणार असे वाटत होते. जेसप स्कॉट या गृहस्थांनी १८६८ मध्ये तो मान टोलेडोला देऊ केला. विल्यम गिल्पिन यांनी आधी मिसूरी काठच्या गावांना आणि नंतर डेन्व्हरला दिला. शिकागोची द्वाही जॉन राइट फिरवत होते. आणि सेंट लुइसमध्ये लोगन रीव्हिस तर देशाची राजधानीच वॉशिंग्टनहून सेंट लुइसला हलवा म्हणून पुस्तिका काढत होते. आत्मविश्वास आणि धडाडी हेच यशाचे कारण असते, तर टोलेडो आज न्यू यॉर्कच्या पंगतीला बसले असते. जिंकलेल्या गावाची बढाई द्रष्टेपण म्हणून जपली गेली आणि हरलेल्या गावाची विस्मृतीत गेली.

आकड्यांनीही या कथेला हातभार लावला. १८७० च्या जनगणनेत सेंट लुइस ३,१०,८६४ आणि शिकागो २,९८,९७७ असे आकडे आले. सेंट लुइसमध्ये जल्लोष झाला. पण तो आकडा फुगवलेला होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे १८८० मध्ये खरी मोजणी झाली तेव्हा शहर दहा वर्षे जागीच थिजल्यासारखे दिसले. हा दोष मात्र सेंट लुइसच्या पदरात घालायलाच हवा.

त्याहून खोल परिणाम झाला हद्दीचा. १८७६ मध्ये सेंट लुइस शहराने आपल्याच काउंटीपासून फारकत घेतली. ग्रामीण भागाचा खर्च आपण का सोसायचा, हा विचार. सुमारे साठ चौरस मैलांची हद्द तेव्हा कायमची आखली गेली. वाढायला भरपूर जागा आहे असे त्या वेळी वाटले. शिकागोने १८८९ मध्ये आजूबाजूचे सव्वाशे चौरस मैल आणि सव्वादोन लाख लोक एका मतदानात पोटात घेतले, आणि पुढच्याच वर्षी दहा लाखांचा आकडा जगाला दाखवला. त्याच १८९० मध्ये कोलंबस जागतिक प्रदर्शनाचे यजमानपद न्यू यॉर्क, वॉशिंग्टन आणि सेंट लुइस यांना मागे टाकून शिकागोने प्रतिनिधिगृहाच्या आठव्या फेरीत मिळवले. त्याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळे शिकागोचे नाव विवेकानंदांबरोबर आपल्या घरोघरी पोचले. न्यू यॉर्कलाही या आकड्यांची धास्ती वाटली. १८९८ मध्ये ब्रुकलिन आणि इतर भाग सामील करून ते चौतीस लाखांचे झाले, त्यामागे शिकागो आपल्याला गाठील ही भीतीही होती. हद्द वाढवणे ही राजकीय कृती आहे. तिच्यातून शहराच्या धमन्यांतले रक्त मोजता येत नाही.

सेंट लुइस आजही १८७६ च्या त्याच हद्दीत आहे. १९५० मध्ये तिथे साडेआठ लाख लोक होते, २०२० मध्ये तीन लाख उरले. ही घट खरी आहे आणि तिची कारणे गंभीर आहेत. गोऱ्या कुटुंबांनी उपनगरे गाठली, आणि कृष्णवर्णीयांना घरे विकू नयेत असे करार त्या शहरात इतके बोकाळले होते की १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी रोखली ती सेंट लुइसच्याच एका खटल्यात. पण 'अमेरिकेतले सर्वांत धोकादायक शहर' म्हणून त्याचे नाव अनेकदा झळकते, तेव्हा गुन्ह्यांना या तीन लाखांनीच भागलेले असते. हद्दीला लागून असलेल्या काउंटीत दहा लाख लोक राहतात. ते हिशेबात नसतात. शिकागोची हद्द जवळपास चौपट मोठी, त्यामुळे त्याच्या भागाकारात शांत वस्त्याही येतात. अशा क्रमवाऱ्या लावू नयेत असे खुद्द एफबीआय सांगत आली आहे. शहरांच्या हद्दींवरून मोजले तर शिकागो सेंट लुइसच्या नऊ पट भरते. महानगर क्षेत्र धरले तर एकीकडे ९६ लाख आणि दुसरीकडे २८ लाख, म्हणजे साडेतीन पटही नाही. २०१९ मध्ये शहर आणि काउंटी पुन्हा एक करण्याचा प्रस्ताव राज्यव्यापी मतदानाला नेण्याची तयारी झाली होती. त्याच वर्षी मे महिन्यात तो मागे घेतला गेला.